अमेरिकेची ३७वी काँग्रेस (१८६१-६३) : पक्षीय बलाबल आणि उठून गेलेले सदस्य

पानगळ (धागाकर्ता)

अमेरिकी यादवीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात लिंकन असतो, ग्रँट आणि ली असतात, गेटिसबर्ग असतं. त्या काळात वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये कोण बसत होतं, कुठल्या पक्षाचे किती होते, याकडे फारसं कुणी वळत नाही. माझ्या मते अमेरिकेची पुढची घडी रणांगणावर जितकी बसली तितकीच ३७व्या काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे तिथली संसद: सिनेट आणि प्रतिनिधिगृह) बसली. ती तशी का बसली हे कळायला तिथलं पक्षीय बलाबल नीट बघावं लागतं. बरेच दिवस डोक्यात होतं, म्हणून हा धागा.

मुदत ४ मार्च १८६१ ते ३ मार्च १८६३. सिनेटच्या नोंदींत बलाबल असं दिसतं: रिपब्लिकन ३१, डेमोक्रॅट १५, युनियनिस्ट (संघ टिकवण्याच्या बाजूचे) ३. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन १०८च्या आसपास, डेमोक्रॅट ४४च्या आसपास, आणि सीमेवरच्या राज्यांतून आलेले साधारण तीस युनियनिस्ट. हे आकडे नुसते वाचले तर वाटतं की १८६०च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने मैदान मारलं.

आता बेरीज करून बघा. कॅन्सस धरून तेव्हा ३४ राज्यं होती, म्हणजे सिनेटच्या ६८ जागा. बहुमताला ३५ हवेत, रिपब्लिकन ३१. प्रतिनिधिगृहात २३८ जागा, बहुमताला १२० हवेत, रिपब्लिकन १०८. फुटून निघालेल्या ११ राज्यांच्या वाट्याला २२ सिनेटर आणि ६६ प्रतिनिधी होते. ही सगळी मंडळी आपापल्या जागी बसून राहिली असती तर लिंकनचा पक्ष दोन्ही सभागृहांत अल्पमतात गेला असता. मंत्रिमंडळातल्या नेमणुकांनाही सिनेटची मंजुरी लागते, तीसुद्धा त्याला विरोधकांकडून मिळवावी लागली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे: दक्षिणेचे नेते ज्या कायद्यांच्या भीतीने उठून गेले, ते कायदे त्यांच्या उठून जाण्यामुळे मंजूर झाले.

एक मतदान घ्या. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यातली गुलामगिरी रद्द करणारं विधेयक सिनेटमध्ये एप्रिल १८६२ मध्ये २९ विरुद्ध १४ मतांनी मंजूर झालं आणि १६ एप्रिलला लिंकनने सही केली. तेव्हा व्हर्जिनियाच्या दोन जागा भरलेल्या होत्या (त्याची वेगळीच कथा आहे, खाली लिहितो). दक्षिणेच्या बाकीच्या २० जागांवरची माणसं विरोधात बसली असती तर २९ विरुद्ध ३४ होऊन विधेयक पडलं असतं. १९ जूनला केंद्राच्या ताब्यातल्या सगळ्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी झाली. ज्या एका मुद्द्यावरून दहा वर्षं देश पेटत होता, तो साध्या बहुमताने निकालात निघाला.

आणि तिथेच थांबले नाहीत. २० मे १८६२ला कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा, १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा, २ जुलैला जमिनी देऊन महाविद्यालयं काढण्याचा मॉरिल कायदा. रेल्वेचा मार्ग उत्तरेकडून न्यायचा की दक्षिणेकडून, यावरून आधीची कित्येक वर्षं वाया गेली होती. जेफरसन डेव्हिस (फुटलेल्या दक्षिणेचा पुढचा अध्यक्ष) युद्धमंत्री असताना त्याचा कल दक्षिणेच्या मार्गाकडे होता. ते भांडण करायलाच आता कुणी उरलं नाही.

मी वर 'आसपास' लिहिलंय ते एवढ्यासाठी की प्रत्येक पुस्तकात हे आकडे थोडे वेगळे सापडतात, आणि त्याला कारण आहे. सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान ही पद्धत तेव्हा नव्हती. मेनने आपले प्रतिनिधी सप्टेंबर १८६० मध्ये निवडले, केंटकीने २० जून १८६१ला, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर. नवी काँग्रेस एरवी डिसेंबरात भरायची. लिंकनने खास अधिवेशन ४ जुलैला बोलावलं म्हणून केंटकीत घाईने निवडणूक घ्यावी लागली. दहापैकी नऊ जागा युनियनिस्टांनी जिंकल्या. सिनेटर तर राज्यांची विधिमंडळंच निवडायची (जनतेकडे ते मतदान १९१३ मध्ये आलं). त्यामुळे तक्ता कुठल्या दिवशीचा आहे हे बघितल्याशिवाय आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ

छान विषय. एक शंका. दक्षिणेच्या सिनेटरांची हकालपट्टी झाली असं नेहमी वाचतो, पण त्या यादीत जेफरसन डेव्हिसचं नाव नाही. तो तर सगळ्यांत मोठा मासा. त्याला कसं सोडलं?

पानगळ

गोदाकाठ, कारण तो आधीच निघून गेला होता. २१ जानेवारी १८६१ला सिनेटमध्ये निरोपाचं भाषण करून तो आणि इतर काही जण बाहेर पडले. तेव्हा ३६वी काँग्रेस चालू होती. मार्चमध्ये नव्या सिनेटपुढे प्रश्न आला की यांची नावं पटावर ठेवायची की काढायची. १४ मार्चच्या ठरावाने डेव्हिस, टूम्ब्स, बेंजामिन वगैरे सहा जणांच्या जागा रिकाम्या झाल्या असं मानून नावं वगळली. हकालपट्टी हा शब्द कुठेही वापरला नाही.

जुलैपर्यंत हवा बदलली. ११ जुलैला न्यू हॅम्पशायरच्या डॅनियल क्लार्कच्या ठरावावर ३२ विरुद्ध १० मतांनी दहा जणांना काढलं: व्हर्जिनियाचे मेसन आणि हंटर, टेक्ससचे विगफॉल आणि हेम्फिल, दोन्ही कॅरोलायना, टेनेसी आणि अर्कान्सॉचे बाकीचे. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. जो सदस्यच नाही त्याला काढता येत नाही. राज्य संघातून बाहेर पडूच शकत नाही, म्हणून हे सिनेटर अजून सदस्य आहेत, आणि म्हणून ते शिक्षेला पात्र आहेत, अशी ती मांडणी होती. नुसती नावं खोडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं त्यामुळेच मागे पडलं.

दोनच दिवसांनी, १३ जुलैला, मेसन आणि हंटरच्या जागी व्हिली आणि कार्लाइल येऊन बसले. यांना निवडलं कुणी? व्हीलिंग शहरात जमलेल्या संघनिष्ठ व्हर्जिनियन लोकांच्या सरकारने. रिचमंडचं सरकार बंडखोर, तेव्हा खरं व्हर्जिनिया आम्हीच, हा त्यांचा दावा काँग्रेसने मान्य केला. पुढे याच सरकारच्या संमतीने वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळं राज्य निघालं.

त्यानंतर डिसेंबरात केंटकीचा ब्रेकिनरिज, जानेवारी १८६२ मध्ये मिझुरीचे दोघे आणि फेब्रुवारीत इंडियानाचा ब्राइट, मिळून १४. प्रतिनिधिगृहाने तिघांना काढलं, दोन मिझुरीचे आणि एक केंटकीचा.

अर्कान्सॉच्या सेबॅस्टियनचं काय झालं तेही सांगतो. त्याची हकालपट्टी सिनेटने १८७७ मध्ये रद्द केली आणि थकलेला पगार वारसांना दिला. तो १८६५ मध्येच वारला होता.

सुमेधा_के

डेव्हिसचा विषय निघालाच आहे तर त्याच्या डेस्कबद्दल लिहिते, कारण मला या सगळ्यात तीच गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते.

एप्रिल १८६१ मध्ये राजधानीच्या रक्षणाला सैन्य आलं तेव्हा उतरायला जागा नव्हती. मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण चक्क सिनेटच्या सभागृहात मुक्कामाला होती. तळघरात पाव भाजायच्या भट्ट्या लावल्या होत्या. घुमट अर्धवट, वर बांधकाम, खाली शिपाई. त्यातल्या काहींना डेव्हिसचं डेस्क कुठलं ते कळलं आणि त्यांनी संगिनींनी ते फोडायला सुरुवात केली. आयझॅक बॅसेट नावाचा सिनेटचा कर्मचारी लाकडाचा आवाज ऐकून धावत आला. हे डेस्क डेव्हिसचं नाही, सरकारचं आहे, आणि तुम्ही सरकारी मालमत्ता राखायला आला आहात, असं त्याने त्यांना सुनावलं. डेस्क वाचलं. संगिनीने उडालेल्या भागावर नंतर लाकडाचं ठिगळ बसवलं, ते अजून दिसतं. आता सिनेटच्या १९९५च्या ठरावानुसार ते डेस्क मिसिसिपीच्या ज्येष्ठ सिनेटरला मिळतं.

हा बॅसेट १८३१ मध्ये पोरसवदा असताना सिनेटच्या कामाला लागला आणि १८९५ मध्ये मरेपर्यंत तिथेच होता. सदस्य आले, गेले, पक्ष फुटले. हा माणूस सगळ्यांची डेस्कं सांभाळत राहिला.

मोडीवाचक

पानगळ, तुमच्या 'तक्ता कुठल्या दिवशीचा' या मुद्द्याला जोड देतो. सिनेटच्या तीन जागा बघण्यासारख्या आहेत.

पहिली इलिनॉय. डग्लस डेमोक्रॅट, ३ जून १८६१ला वारला. गव्हर्नर रिपब्लिकन, त्याने ब्राउनिंगला नेमलं, म्हणजे जागा रिपब्लिकन झाली. १८६२च्या शरदात विधिमंडळ डेमोक्रॅटांनी जिंकलं आणि जानेवारी १८६३ मध्ये रिचर्डसन आला, जागा परत डेमोक्रॅटांकडे.

दुसरी ऑरेगन. एडवर्ड बेकर रिपब्लिकन, लिंकनचा इतका जवळचा की लिंकनने एका मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलं. हा गणवेश घालून सिनेटमध्ये यायचा. १ ऑगस्टला त्याने ब्रेकिनरिजच्या भाषणाला दिलेलं उत्तर गाजलं. २१ ऑक्टोबर १८६१ला बॉल्स ब्लफच्या लढाईत मारला गेला. पदावर असताना लढाईत पडलेला आजवरचा तो एकमेव सिनेटर. आणि त्याच्या जागी नेमला गेला बेंजामिन स्टार्क, डेमोक्रॅट, ज्याच्या निष्ठेबद्दलच इतका संशय की त्याला बसवून घ्यायचं की नाही यावर आठवडेच्या आठवडे गेले. शेवटी २७ फेब्रुवारी १८६२ला बसला.

तिसरी इंडियाना, जेसी ब्राइट. याचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. १ मार्च १८६१ला, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्याही आधी, त्याने एका ओळखीच्या माणसासाठी शिफारसपत्र लिहिलं. त्या माणसाकडे बंदुकांमधली एक सुधारणा विकायला होती. पत्र कुणाला? जेफरसन डेव्हिसला, आणि मायन्यात त्याला अध्यक्ष म्हणून संबोधलेलं. पत्र नेणाऱ्याचं आडनाव लिंकन! पुढे ते पत्र सरकारच्या हाती लागलं. न्यायविषयक समितीने तर अहवालात हकालपट्टी नको म्हटलं होतं, तरी सभागृहाने काढलं. मतं ३२ विरुद्ध १४. दोन-तृतीयांशाला ३१ लागत होती. ब्राइट काही ऐरागैरा नव्हता, पूर्वी सिनेटचा हंगामी अध्यक्ष राहिलेला माणूस. त्याच्या जागी युनियनिस्ट राइट आला, आणि जानेवारी १८६३ मध्ये डेमोक्रॅट टर्पी.

एकाच काँग्रेसमध्ये तिन्ही जागांवर तीन-तीन माणसं (ऑरेगनमध्ये स्टार्कनंतर हार्डिंग आला). छापलेल्या तक्त्यात यातला एकच रंग दिसतो.

वऱ्हाडकर

धागा आवडला, पण मूळ मुद्दा मला पूर्ण पटत नाही.

एक तर होमस्टेड. हे विधेयक १८६० मध्ये दक्षिणेचे सिनेटर जागेवर असतानाच दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. अडवलं ते अध्यक्ष ब्यूकॅननने नकाराधिकार वापरून. लिंकन अध्यक्ष झाल्यावर ते तसंही झालं असतं. मॉरिलचंही तेच, १८५९ मध्ये मंजूर होऊन ब्यूकॅननकडेच अडलं.

दुसरं, रिपब्लिकन म्हणजे एकसंध गठ्ठा असं धरून चालू नका. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या पराभवानंतर लगेच केंटकीच्या क्रिटेंडनचा ठराव प्रतिनिधिगृहात जवळजवळ एकमताने झाला: हे युद्ध संघ टिकवण्यासाठी आहे, राज्यांच्या प्रस्थापित संस्थांना, म्हणजे गुलामगिरीला, हात लावण्यासाठी नाही. विरोधात फक्त दोन मतं. तेव्हाही दक्षिण गेलेलीच होती ना? डिसेंबरात तोच ठराव पुन्हा आला तेव्हा रिपब्लिकन थॅडियस स्टीव्हन्सने तो ७१ विरुद्ध ६५ने बाजूला ठेववला. पाच महिन्यांत सभागृहातली माणसं बहुतेक तीच होती. बदललं ते युद्ध. तेव्हा श्रेय किंवा दोष रिकाम्या जागांपेक्षा युद्धाला द्यायला हवा.

क्रिटेंडनचं घर बघा, एक मुलगा इकडच्या सैन्यात जनरल, दुसरा तिकडच्या. अशा माणसाला कुठल्या पक्षाच्या रकान्यात घालणार?

पानगळ

वऱ्हाडकर, मुद्दा वजनदार आहे, पण १८६०चं होमस्टेड आणि १८६२चं होमस्टेड एक नव्हे. १८६०च्या विधेयकात तडजोड होऊन शेतकऱ्याला एकरी २५ सेंट मोजावे लागणार होते. १८६२ मध्ये १६० एकर, पाच वर्षं कसली की किरकोळ शुल्कात मालकी. प्रतिनिधिगृहात १०७ विरुद्ध १६. सिनेटमध्ये दक्षिण असती तर तडजोडीचंच विधेयक आलं असतं असं मला वाटतं.

युद्धाने माणसं बदलली हे खरंच. पण बदललेल्या माणसांना बहुमत होतं म्हणून तो बदल कायद्यात उतरला. ७१ विरुद्ध ६५ हे मतदान दक्षिणेचे ६६ जण सभागृहात असताना कसं झालं असतं, ते सांगा.

मोडीवाचक

होमस्टेडवरून आठवलं. ३७व्या काँग्रेसचा सभापती गलुशा ग्रो हा पेनसिल्व्हेनियाचा, आणि फुकट जमिनीचा हट्ट धरून बसलेल्यांत सगळ्यांत जुना. फेब्रुवारी १८५८ मध्ये कॅन्ससवरच्या चर्चेत पहाटे दोनच्या सुमारास साउथ कॅरोलायनाचा कीट त्याच्या अंगावर धावून गेला आणि बघता बघता तीसेक सदस्य एकमेकांना भिडले. मिसिसिपीच्या बार्क्सडेलचा केसांचा टोप झटापटीत निघाला, त्याने तो उलटा घातला, आणि सगळं सभागृह हसायला लागलं तेव्हा मारामारी थांबली. तीन वर्षांनी ग्रो सभापतीच्या खुर्चीत होता आणि कीटचं राज्य सभागृहातून गेलेलं होतं. १८६२ मध्ये ग्रो स्वतःच्या मतदारसंघात हरला. त्यानंतर पदावरचा सभापती हरायला १९९४ उजाडलं.

अंबोलीघाट

कोरमचं काय केलं? इतक्या जागा रिकाम्या असताना निम्मी संख्या कशाच्या निम्मी धरायची? विरोधकांनी हा मुद्दा काढला नाही का?

पानगळ

काढला. ग्रोने जुलै १८६१ मध्ये निर्णय दिला की निवडून आलेल्या सदस्यांच्या निम्म्याहून अधिक हजर असले की गणपूर्ती झाली, रिकाम्या जागा मोजायच्या नाहीत. सिनेटने मात्र हे नियमात आणायला मे १८६४ उजाडू दिलं. जुनी मोजणी धरली असती तर ६८पैकी ३५ जण रोज हजर हवेत. काही आजारी, काही गावी. कामकाज ठप्प करणं डेमोक्रॅटांना फार सोपं गेलं असतं.

अटलांटिकपार

सदस्यसंख्येशी थेट जोडलेली एक गोष्ट राहिली. मॉरिल कायद्यात जमीन वाटली ती काँग्रेसमधल्या सदस्यांच्या हिशेबाने: प्रत्येक सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर. न्यूयॉर्कचे ३१ प्रतिनिधी आणि २ सिनेटर, म्हणजे ९,९०,००० एकर. त्यातून कॉर्नेल उभं राहिलं. इंडियानाचे ११ आणि २, म्हणजे ३,९०,०००, त्यातून पर्ड्यू. कॅन्ससला तिघांचे ९०,०००. ज्यांच्याकडे केंद्राची जमीन नव्हती त्यांना पश्चिमेकडच्या जमिनीची विक्रीयोग्य प्रमाणपत्रं दिली. आणि बंडात असलेल्या राज्याला लाभ नाही, असं कलमच होतं.

मी पर्ड्यूत शिकलो. इंजिनिअरिंगच्या इमारतींतून जाता-येता मराठी कानावर पडायचं. तिथे आलेल्या आपल्या किती मुलांना माहीत असेल की हे विद्यापीठ इंडियानाच्या तेरा सदस्यांच्या मोजणीवर उभं आहे. (ती जमीन मुळात आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरू नये. त्यांचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता.)

कापूसकोंड्या

याच काळात इकडे मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले होते. लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशचा माल सोन्याच्या भावाने गेला. प्रेमचंद रायचंद, शेअरचं वेड, बॅक बेच्या भरणीच्या कंपन्या आणि १८६५चा कोसळा ही सगळी त्याचीच शेपटं.

सुमेधा_के

आणि जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामातल्या त्यांच्या औदार्याबद्दल आणि त्यागाबद्दल. पुण्यात बसून त्यांनी हे सगळं किती जवळून टिपलं होतं! मला तर एप्रिल १८६२चं ते २९ विरुद्ध १४ वाचताना तीच अर्पणपत्रिका डोळ्यांपुढे आली.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. दक्षिणेच्या त्या जागा परत भरल्या कधी?

पानगळ

एकदम नाही, राज्यागणिक. ३७व्या काँग्रेसमध्येच टेनेसी आणि लुइझियानाचे काही संघनिष्ठ प्रतिनिधी बसले होते. लुइझियानाचे हान आणि फ्लँडर्स तर फेब्रुवारी १८६३ मध्ये आले आणि त्यांना जेमतेम काही दिवसच मिळाले. अँड्र्यू जॉन्सन हा फुटलेल्या राज्याचा एकमेव सिनेटर जो जागा सोडून गेला नाही. मार्च १८६२ मध्ये लिंकनने त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर केलं, मग ती जागाही १८६६पर्यंत रिकामी.

टेनेसी १८६६ मध्ये सगळ्यांत आधी परतलं. अर्कान्सॉ, फ्लोरिडा, दोन्ही कॅरोलायना, अलाबामा, लुइझियाना १८६८ मध्ये. व्हर्जिनिया, मिसिसिपी आणि टेक्सस १८७० मध्ये. मिसिसिपीने पाठवलेल्यांत हायरम रेव्हेल्स होते, सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय. डेमोक्रॅटांनी हरकत घेतली की १८५७च्या ड्रेड स्कॉट निकालानुसार हे नागरिकच नव्हते, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये झाले, मग सिनेटरला लागणारी नऊ वर्षं कुठे भरली? २५ फेब्रुवारी १८७०ला ४८ विरुद्ध ८ मतांनी ती हरकत फेटाळून त्यांना शपथ दिली. जॉर्जियाचे दोघे सगळ्यांत शेवटी, फेब्रुवारी १८७१ मध्ये बसले.